घाट उतरताना पाय भरून येतो. जुन्या पिकअपला पॉवर ब्रेक बसवावा काय?

सीताफळाची तोड सुरू झाली की धारूर तालुक्यातल्या डोंगरकाठच्या गावांतून भल्या पहाटे पिकअप गाड्या निघतात. हौद्यात क्रेट, क्रेटवर पोती, कडेला दुधाच्या कॅना आणि उरलेल्या जागेत दोन-तीन माणसं. धारूर बालाघाटाच्या माथ्यावर, तर तेलगाव, माजलगाव खाली. कापूस जिनिंगवर न्यायचा असो की फळ बाजारात, त्या बाजूला जायचं म्हटलं की घाट उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. खामगाव-पंढरपूर महामार्ग (क्रमांक ५४८-सी) याच घाटातून काढला. दोन्हीकडचा रस्ता रुंद झाला आणि घाटाचा तुकडा तेवढा अरुंद राहिला, ही ओरड वाचकांनी वर्तमानपत्रातून वेळोवेळी वाचलेली आहे. या तुकड्यात उलटलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि मालाचे ट्रक आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत.

एरवी या पानावर बोंडअळी, माती परीक्षण नाहीतर बीजप्रक्रिया यावर लिहायचं, हे माझं काम. ब्रेक हा काही कृषी खात्याचा विषय नव्हे. परंतु झाडावर पिकवलेलं फळ बाजारात पोचलं नाही तर आमचा सगळा सल्ला मातीत, आणि माणूसच पोचला नाही तर पुढे बोलायलाच नको. गेल्या हंगामात मी स्वतः अशा एका गाडीत बसलो होतो, म्हणून हा विषय घेतला.

घाटाखालच्या एका गावात शेतकरी मेळावा होता. माझी मोटारसायकल पंक्चर. ओळखीचे एक बागायतदार आपली पिकअप घेऊन निघाले होते. त्यांना सगळा गाव मामा म्हणतो, मीही मामाच म्हणतो. गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप, मागचा भाग काढून हौदा बसवलेली. हौद्यात सीताफळाचे क्रेट गच्च. माथा सोडला आणि मामांनी गाडी टॉप गिअरमध्ये सोडून दिली, पाय ब्रेकवर. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाआधी लायनर जळाल्याचा वास नाकात शिरला. मी म्हटलं, "मामा, वास येतोय." ते म्हणाले, "येतोच सायेब, रोजचाच हाय."

चौथ्या वळणावर पॅडल खाली गेलं. मामांनी पाय उचलून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या दाबाला थोडं काही लागलं. तेवढ्यात त्यांनी गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी डोंगराकडच्या नालीत घालून थांबवली. मी उडी टाकून चाकाला दगड लावला. पुढच्या दोन्ही ड्रममधून धूर निघत होता. खाली बघितलं तर उसाची मोकळी ट्रॉली चढून येत होती, तिच्यावर दोन लेकरं बसलेली.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सायेब, औंदा पावर बिरेक बसवायचाच. ह्यो पाय आता ऐकत न्हाई." मामांच्या उजव्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे. बैलानं पाडलं होतं. घाट उतरताना पाय भरून येतो, मग नकळत दाब कमी होतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

पुढचे दोन महिने मी सुटीच्या दिवशी मामांबरोबर गॅरेजांच्या चकरा मारल्या. डिप्लोमाला शेती अवजारे आणि ट्रॅक्टर हा विषय होता, त्याची उजळणी झाली. काही गोष्टी पुस्तकात होत्या, काही मिस्त्रींनी शिकवल्या, आणि एक-दोन चुकांतून कळल्या.

ब्रेक म्हणजे चूल

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ब्रेक गाडीच्या वेगाची आणि उताराची उष्णता करतो, बाकी काही नाही. गाडी मालासकट अडीच टन धरा आणि उतार उभ्या उंचीत दोनशे मीटर धरा. तेवढं वजन तेवढं खाली उतरवताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर पंधरा लिटर गार पाण्याला उकळी येईल. न्हाणीतला बंब डोळ्यासमोर आणा. तेवढा जाळ चार ड्रमच्या पोटात, तोही काही मिनिटांत.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकड तापल्यावर ढिली पडते. पॅडल खाली जातं, चालक अजून दाबतो, उष्णता अजून वाढते. दुसरी गोष्ट ब्रेक ऑईलची. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. 'डॉट-३' प्रतीचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. पाणी मुरलेल्या तेलाला हेच प्रमाण १४० वर येतं. तेल उकळलं की नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल स्पंजासारखं लागतं ते यामुळे. मामांच्या गाडीत तेल कधी बदललं होतं असं विचारलं, तर ते म्हणाले, "बदलतेत व्हय? कमी झालं की वतायचं."

हे सांगण्याचं कारण असं, की पॉवर ब्रेकमुळे या चुलीत काहीएक फरक पडत नाही. बूस्टर मदत करतो ती पायाला. ड्रम तेच, लायनर तेच, तेल तेच. उलट पायाला कष्ट कमी झाले की माणूस ब्रेक जास्त वेळ धरून ठेवतो. ही गोष्ट डोक्यात पक्की बसल्याशिवाय खिशात हात घालू नये.

आधी चाकं उघडा

पहिला मिस्त्री बूस्टर बसवायला लगेच तयार झाला होता. दुसरा म्हातारा होता. तो म्हणाला, आधी चारी चाकं उघडू, मग बोलू. त्याचं ऐकलं हे बरं झालं.

मागच्या डाव्या चाकात व्हील सिलिंडर गंजून जाम झालेला. मागच्या उजव्या चाकात हबचं ऑईल सील गेलेलं, लायनर तेलानं भिजून चकचकीत. म्हणजे चारपैकी दोन चाकांना ब्रेक नव्हताच. गाडीला बैल चार जुंपलेले आणि ओढणारे दोन, अशातली गत. पुढचे दोन ड्रम सगळ्या मालाचं ओझं घेत होते, म्हणून त्यातूनच धूर निघाला.

सिलिंडर बदलले. सील आणि मागचे लायनर बदलले. ड्रम खराद मशीनवर लावून बघितले. ड्रम किती मोठा होईपर्यंत कातावा याला मर्यादा असते. ती ओलांडली की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो, म्हणून एक ड्रम फेकून द्यावा लागला. रबरी नळ्या नव्या घातल्या. जुनं तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं भरलं, आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ही चूक गावोगाव होते. ब्रेकचे रबरी वॉशर रॉकेलनं, डिझेलनं धुवू नयेत, आणि वेळ मारून न्यायला टाकीत इंजिन ऑईल तर मुळीच ओतू नये. रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतात किंवा गळतात. धुवायचं तर ब्रेक ऑईलनंच. फोडलेला डबा वर्षभर फळीवर ठेवून तोच वापरू नये. झाकण नीट असलं तरी त्यात पाणी मुरतंच. आणि वर्षा-दोन वर्षांनी तेल बदलावं, पाणी चांगलं आहे म्हणून विहीर उपसायची नाही असं नसतं.

एवढं झाल्यावर मामांनी गाडी चालवून बघितली आणि म्हणाले, "आता बुस्टरची गरज काय हाय?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. ज्यांचा पाय धड आहे, गाडी हलकी आहे आणि घाट रोजचा नाही, त्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. निम्म्याहून जास्त लोकांचं काम एवढ्यावर भागेल. मामांचा मात्र गुडघा होता, घाट रोजचा होता आणि आठवड्यातून दोनदा गाडी मुलाऐवजी त्यांनाच काढावी लागत होती. म्हणून पुढचं काम हाती घेतलं.

बूस्टर कशाच्या जोरावर चालतो

आपल्याकडे जीप आली ती स्वातंत्र्याच्या वर्षी. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या सीजे-थ्री-बी जातीच्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि जोर सगळा पायाचा. त्या काळच्या वजनाला आणि वेगाला ते पुरत होतं. हौदा बसवून, पाटे वाढवून टनभर माल भरायचा हा आपला उद्योग.

बूस्टरची कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांनी १९२७ च्या सुमारास ती गाड्यांत आणली. पत्र्याचा एक चपटा डबा असतो, आत रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. पॅडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला ढकलते. आपल्या अंगावर हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. नऊ इंची पडदा घेतला तर त्याचं क्षेत्र चारशे चौरस सेंटिमीटर भरतं. दोन-तृतीयांश हवा काढलेली असली तरी अडीचशे किलोच्या घरात ढकल मिळते. पाच पोती सिमेंट पडद्यावर ठेवलं म्हणा. तेवढा जोर पायाला फुकट मिळतो.

फुकट म्हटलं, पण ती हवा कोणीतरी आधी काढावी लागते. आणि इथेच आमची फसगत झाली.

म्हाताऱ्या मिस्त्रीला गावाला जावं लागलं, म्हणून बूस्टर एका दुसऱ्या गॅरेजात बसवला. गॅरेजचं नाव सांगत नाही, चूक कोणाच्याही हातून होते. त्या पोरानं आधी पेट्रोल गाड्यांवर काम केलेलं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, झडप मिटली की इंजिन हवा ओढतं आणि तिथे निर्वात तयार होतो. बूस्टरची नळी त्याच जागी जोडतात. पोरानं मामांच्या डिझेल इंजिनाला हवेच्या मॅनिफोल्डला भोक पाडून तिथेच नळी जोडली. सर्वसाधारण डिझेल इंजिनात अशी झडप नसते. हवा मोकळी आत येते, वेग कमी-जास्त होतो तो डिझेलच्या मापावर. म्हणजे नळीत ओढ जवळपास शून्य. बूस्टर होता, पण रिकाम्या डब्यासारखा. उलट पॅडल पूर्वीपेक्षा जड झालं, कारण बूस्टरबरोबर मोठ्या तोंडाचा मास्टर सिलिंडर घातला होता. पोरगं म्हणत होतं, "चालवा, सेट होईल." मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनी बूस्टरसाठी दोन शेळ्या विकल्या होत्या.

डिझेल गाडीला हवा ओढणारा वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला येतो. पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, त्याबरोबर पंप फिरतो. या पंपाला वंगण इंजिनातलंच लागतं, म्हणून इंजिनाकडून ऑईलची एक बारीक नळी येते आणि तेल परत जायला दुसरी जाड नळी चेंबरला जोडावी लागते. परतीची नळी बारीक घातली किंवा तिला वाक पडला तर तेल पंपात साठतं आणि हवेच्या नळीतून बूस्टरमध्ये जाऊन पडदा खराब करतं. आमच्या वेळी म्हातारा मिस्त्री परत आला होता, त्यानं ही नळी स्वतः उतरती घातली. पंप, पंपाचा अल्टरनेटर, दोन नळ्या, मॅनिफोल्डचं भोक बुजवणं, हा खर्च बूस्टरच्या वर. कोणी नुसत्या बूस्टरचा भाव सांगून 'एवढ्यात होतंय' म्हणाला, तर त्याला आधी विचारा: हवा कोण ओढणार?

बूस्टरपासून पंपापर्यंतची नळी जाड, आतून न चिपकणारी हवी. पाणी सोडायची प्लॅस्टिक नळी चालत नाही, ओढीनं ती चपटी होते. मध्ये एकतर्फी वाल्व्ह असतो, विहिरीतल्या फूटवाल्व्हसारखा. इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमधली ओढ टिकवून धरतो तो हाच. तो उलटा बसवला तर बूस्टर चालत नाही. हेही मी पाहिलेलं आहे.

भंगारातला बूस्टर स्वस्त मिळतो. घेऊ नये. रबरी पडदा आतून फाटलेला असला तर बाहेरून कळत नाही. मास्टर सिलिंडर मात्र दोन कप्प्यांचा घ्यावा, पुढच्या आणि मागच्या चाकांची नळी वेगळी होणारा. जुन्या जीपमध्ये एकाच कप्प्यावर चारी चाकं असत. एक नळी फुटली की चारी गेले. माझ्या मते बूस्टरपेक्षाही हा बदल मोलाचा आहे.

जागेचाही प्रश्न येतो. ज्या जुन्या गाड्यांचं पॅडल पायाखालच्या फळीतून वर येतं, त्यात मास्टर सिलिंडर खाली चॅसीला असतो. बूस्टर तिथेच बसवला तर चिखल-पाणी थेट त्यावर. वर इंजिनच्या बाजूला घ्यायचा तर लोंबतं पॅडल करावं लागतं आणि पुढचा पत्रा जाड पट्टीनं मजबूत करावा लागतो. पत्रा लवला तर पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यातच जातो. मामांच्या गाडीला आतून-बाहेरून दोन पट्ट्या मारून बोल्ट घेतले.

पंप बसला, ओढ आली. मामांनी आडतीसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि सवयीनं दणकन पॅडल दाबलं. गाडी जागीच बसली आणि हौद्यातल्या रिकाम्या कॅना केबिनच्या पाठीवर आदळल्या. कारण साधं. बूस्टर नसलेल्या गाडीचं पॅडल पहारीसारखं असतं. दगड उचलायला पहार जेवढी लांब धराल तेवढा जोर मिळतो. साधारण सहास एक असं हे माप असतं. बूस्टरच्या गाडीला चारास एक पुरतं. जुनं माप तसंच ठेवून बूस्टर घातला की ब्रेक फटकन लागतो, आणि हौदा रिकामा असला तर मागची चाकं लगेच घसटतात. पावसात ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट फिरायला एवढं पुरे. मिस्त्रीनं दांडीची पिन पॅडलच्या खुंट्यापासून थोडी लांब घेतली तेव्हा कुठे पॅडल माणसात आलं.

दांडी आणि मास्टर सिलिंडर यांत मिलिमीटरभर फट ठेवावी लागते. फट नसली तर ब्रेक सुटत नाहीत, चालता चालता ड्रम तापतात, आणि मालक म्हणतो पॉवर ब्रेकनं ॲव्हरेज कमी झालं.

घरच्या घरी परीक्षा

बूस्टर चालतो की नाही हे कोणालाही अंगणात बघता येतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद. पॅडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करा. मग पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली किंचित दबलं तर बूस्टर जिवंत आहे. दबलं नाही तर ओढ नाही. नंतर चालू इंजिनावर पॅडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पॅडल वर येता कामा नये. आलं तर हवा कुठेतरी गळते आहे. मामांचा नातू सातवीत आहे, तो आता दर सोमवारी ही परीक्षा घेतो आणि पाटीवर बरोबरची खूण करतो.

बूस्टर कधी बंद पडला तर घाबरून जाऊ नये. पॅडल दगडासारखं घट्ट होतं, पण दांडी थेट मास्टर सिलिंडरला जोडलेली असते, त्यामुळे ब्रेक असतो. दोन्ही पायांनी दाबायचं, गिअर खाली घ्यायचा, हँडब्रेकला हात घालायचा. ब्रेक गेला असं समजून पाय काढणारा मरतो. शब्द कडक वाटेल, पण दुसरा सापडत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे आपल्याकडे आजही आहेत. साध्या ब्रेकच्या गाडीत हा वेडेपणा होता. पॉवर ब्रेकच्या गाडीत तो त्याहून वाईट, कारण इंजिन बंद झालं की पंप बंद. डब्यात राहिलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते. चौथ्या वळणावर पॅडल घट्ट. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर ओढ राहते, पण गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटतं आणि सगळा भार पुन्हा त्या चुलीवर. बैलगाडीच्या दिवसांत उताराला जू बैलांच्या मानेवर चढायचं, तेव्हा म्हातारी माणसं चाकाला आडकाठी लावत, गाडी मोकळी सोडत नसत. गिअर म्हणजे ती आडकाठी. जुन्या ट्रकवाल्यांचा नियम बरोबर आहे: घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. माथ्यावरच गिअर घ्यायचा, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेक दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा, सतत घासत ठेवायचा नाही. ड्रम तापलेच तर गाडी बाजूला घेऊन थांबावं. वरून पाणी मारू नये, बीडाचा ड्रम तडकतो.

कागदाचंही बघावं. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ वाहनातल्या फेरबदलाबाबत आहे. ब्रेकसारख्या भागाला हात लावण्याआधी बीड किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं, सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं. त्या वेळी निरीक्षकाला बदल आपण होऊन दाखवावा. लपवलेला बदल विम्याच्या दाव्यात नडतो.

ट्रॅक्टरवाल्यांना एक शब्द. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचं ब्रेक पॅडल वेगळं असतं, शेतात वळण घ्यायला. रस्त्यावर येताना दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता घाटात एकाच पॅडलवर पाय पडला की ट्रॅक्टर फिरतो आणि मागून ट्रॉली चढते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरवर, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर विचारायलाच नको. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं चूल, भांडी, लेकरं, शेरडं घेऊन याच ट्रॉल्यांतून आणि ट्रकमधून निघतात. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी हंगामाआधी एक दिवस गावात मिस्त्री बोलावून गाड्यांचे ब्रेक बघून घेतले, पॅडलची पट्टी, तेलाचा रंग, मागची तांबडी रिफ्लेक्टर पट्टी एवढंच तपासलं, तरी ते ग्रामसभेच्या दहा ठरावांना भारी पडेल. मुकादमाला उचल देताना गाडीची फिटनेस कोणी विचारत नाही, हेही खरं आहे.

मामांची पिकअप या हंगामात चालू आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याबरोबर उतरलो. या वेळी क्रेट एक थर कमी होते. ते मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं. माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली, दुसरा गिअर घेतला आणि म्हणाले, "बसा सायेब, आता येळ लागंल." मागून एक नवी गाडी हॉर्न वाजवत होती. मामांनी हात बाहेर काढून तिला पुढे जायला सांगितलं. खाली उतरल्यावर मी ड्रमजवळ तळहात नेऊन बघितला. ऊब होती, चटका नव्हता. सीटखाली बाभळीची दोन पाचरं ठेवलेली असतात, ती मामांनी काढली आणि क्रेट उतरवायच्या आधी चाकाला लावली.